अकरावा धडा

टोलेडोच्या वाचनालयातलं हे पुस्तक
आठशे बारा पानांचं, मांडीला मुंग्या आणणारं.
माझ्याआधी कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केल्यात
सातव्या धड्यापर्यंत. शेवटची खूण प्रश्नचिन्ह,
इतकं दाबून काढलेलं की मागच्या पानावर उठलंय.

पुस्तकात एक खोटं दुकान आहे, सायकलींचं.
त्याची बेचाळीस गिऱ्हाइकं मी टाइप केली,
मुलगा झोपल्यावर, डाळ निवडावी तशी.
स्वल्पविराम सुटला की कॉम्प्युटर रुसतो,
चूक पाचव्या ओळीत म्हणतो,
असते चौथीत.

एकोणतिसावं गिऱ्हाईक विनिफ्रेड ओकली.
पत्ता आहे, फोन आहे, खरेदी एकही नाही.
दोन टेबलं जोडली, इनर जॉईन, एंटर,
आणि बाई गायब.
पुन्हा मोजलं. एक्केचाळीस.
बाहेर कुणी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं.
माझ्या व्हिसावर काम करायला मनाई आहे,
चौदा महिने झाले.

अकराव्या धड्यात लेफ्ट जॉईन आला.
डावीकडचे सगळे राहू द्यायचे,
उजवीकडे जुळणारं असो नसो.
एंटर.
विनिफ्रेड परत!
शेजारच्या रकान्यात 'नल'.
दमयंतीचा नव्हे,
पण तोही ऐन वेळी शेजारी नव्हताच की.

नल म्हणजे शून्य नव्हे, पुस्तक बजावतं,
दोनदा, ठळक अक्षरात.

परवा पुस्तक परत द्यायचंय.
त्या प्रश्नचिन्हाखाली मी बारीक लिहिलं,
'अजून चारच धडे, चल.'
मराठीत लिहिलं.
दंड झाला तर भरीन.