नळी क्रमांक ४१७

आधी मी सातपूरला द्राक्षं तपासायचे.
परदेशी निघालेल्या पेटीतला एकेक घड
वाटून, गाळून यंत्राच्या तोंडी द्यायचा
आणि फवाऱ्याचा अंश किती उरला ते लिहायचं.
पेटीवर बागेचा नंबर असायचा.
बागवानाचं नाव कधी विचारावं लागलं नाही.

आता सिव्हिलचा तळमजला, खोली नऊ.
भिंत सरकारची, फ्रिज कंपनीचा,
फ्रिजची वीज सरकारची,
विजेच्या बिलाचा पत्रव्यवहार दोघांचा.
उद्घाटनाचा फलक अजून दारावर आहे,
'व्यक्ती तितक्या प्रकुती'.
'कृ' चुकलाय, कोणी हटकलं नाही.
करारावर सह्या मात्र
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात.

पेठहून पहिल्या एसटीनं आल्या सुंदरबाई भोये.
हृदयाची झडप बदललेली,
रक्त पातळ राहायची गोळी चालू.
सगळ्यांना जेवढी, तेवढीच त्यांनाही.
आवणीच्या दिवसांत हिरड्यांतून रक्त थांबेना,
चिखलात उभ्या उभ्या थुंकत होत्या, लाल.

संमतिपत्र मी वाचून दाखवलं.
तलाठ्याचं ऐकावं तसं त्यांनी ऐकलं,
मान हलवत, विश्वास न ठेवता.
मग म्हणाल्या,
"रक्त माझं. नळी कंपनीची. सुई?"
"सुई सरकारची."
"आन् त्यात जे सापडंल, ते?"

पान तीन, कलम अकरा. मला पाठ होतं.
मराठीतच होतं ते,
पण कोणाच्या मराठीत, कोण जाणे.
"मला नीट ठाऊक नाही, बाई," मी म्हटलं.
त्या खोलीत इतकं खरं
मी पहिल्यांदाच बोलले असेन.
त्या हसल्या. डावा हात पुढे केला.
"उजव्यानं मला गाडीचा दांडा धरायचाय."

नमुना अंबडला गेला, बर्फाच्या डब्यात,
निसारच्या मोटारसायकलवर,
द्वारका चौकात अर्धा तास अडकून.

सात महिन्यांनी अहवाल आला.
तिथल्या काचेच्या इमारतीत कोणीतरी
एका बाईच्या रक्तातली अक्षरं लावून वाचली होती.
यकृत ही गोळी फार सावकाश पचवतं.
मात्रा निम्मी करावी.
डॉक्टर पिंगळ्यांनी चष्मा काढून पुसला,
पुन्हा वाचलं, म्हणाले, "आत्ता लावा फोन."

लावला.
मागे कोंबड्या, कोणीतरी नागली झोडपत होतं.
"निम्मी?" सुंदरबाई म्हणाल्या.
"मी तर तवापासून निम्मीच घेते.
पुरी घेतली का दात रंगत."
"मग सांगितलं का नाहीत?"
"तुम्ही रक्त इचारलं. मला कुठं इचारलं?"

नोंदवहीत याला रकाना नाही.
शेवटी शेऱ्यात लिहिलं,
बारीक अक्षरात, नंबराशेजारी नाव घालून:
सुंदरबाई भोये. रुग्णास आधीच माहीत होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन.
आवाज तरुण, मनापासून उत्सुक.
"मॅडम, चारशे सतराचा शेरा पाहिला.
हे कुठल्या चाचणीतून आलं?"