चालत पंचवीस मिनिटं

दोन्ही याद्यांत माझं नाव होतं: जुसारा किरिनो.
एक यादी पश्चिमेच्या जुन्या विद्यापीठाची,
जिथे झाडांनासुद्धा नावाच्या पाट्या आहेत.
दुसरी आमच्या उतारावरच्या नव्याची,
ज्याच्या फाटकाशी एक माणूस उकडलेला मका विकतो
आणि ग्रंथालयाच्या अर्ध्या भिंतीला गिलावा नाही.

आईने पहिल्या यादीवर बोट ठेवलं,
फरशीच्या औषधाने सालटी निघालेलं बोट.
"हे," म्हणाली. एवढंच.
मग भात लावायला उठली.

साओ पाउलो केवढं आहे ते नकाशात कळत नाही.
आईच्या पिशवीत कळतं:
वाटेत खायचा पाव, वाटेतले सपाट जोडे,
पोचल्यावर घालायचे वेगळे,
छत्री, तिसऱ्या बसमध्ये प्यायची थंड कॉफी.
सव्वाचारला निघायचं.
मग नोकरांची लिफ्ट, नववा मजला,
दोना रेजिनाकडची चार न्हाणीघरं.
जायला अडीच तास. यायला अडीच, नशीब असेल तर.

गणिताच्या वहीच्या मागे मी एकदा हिशेब मांडला:
दिवसाचे पाच तास, वर्षाचे तीनशे दिवस, एकोणीस वर्षं.
उत्तर आलं सव्वातीन वर्षं,
रात्री धरून, अखंड.
सव्वातीन वर्षं माझी आई रस्त्यात राहिली आहे.
तिथला पत्ता नाही. तिथे पत्र जात नाही.

"मी जवळचं घेते," म्हटलं.
ती भांडं विसळत होती.
विसळून झालेलं तिने पुन्हा विसळलं.
"मी काय यासाठी..."
आणि थांबली,
कारण पुढचं वाक्य खरं होतं.

खिळे-स्क्रूच्या दुकानातले आनिझियो म्हणाले,
ते कसलं विद्यापीठ, ते तर आपल्याच उतारावर!
जणू उतारावरून ज्ञान घरंगळून जातं.
लिंदाल्वा मावशी म्हणाली, तिकडे मोठ्या घरची मुलं भेटली असती,
ओळखी झाल्या असत्या.
याला माझ्याकडे उत्तर नाही. अजून नाही.
दुरून डोंगर साजरे, म्हणतात.
आम्ही डोंगरावरच राहतो;
रात्री पुलावरून बघणाऱ्याला
आमचे दिवेही साजरे वाटत असतील.

आणि मला झोप हवी होती, हे कसं सांगायचं?
त्याग वगैरे काही नव्हता.
मला सात वाजता उठायचं होतं,
उजेडात केस विंचरायचे होते,
वाचलेलं पान
खिडकीच्या काचेवर डोकं आपटून सांडायचं नव्हतं.
एवढीच हाव.
हिला कुणी महत्त्वाकांक्षा म्हणत नाही.

पहिल्या दिवशी आईने रजा काढली.
दोना रेजिनाला काय सांगितलं, मी विचारलं नाही.
बुधवार होता.
तिने पोचल्यावरचे जोडे घरातूनच घातले.

वळणावर ती थबकली.
"हा आवाज कसला?"
बालवाडीची मधली सुट्टी, म्हटलं.
"रविवारी नसतो हा."
नाही, रविवारी नसतो.
पुढे एका गच्चीवर कुणी चादरी झटकत होतं,
आई मान वर करून बघत राहिली,
पाहुणी आल्यासारखी,
आपल्याच गल्लीत.

फाटक आलं.
तिने घड्याळ पाहिलं, मग मला,
दुकानदाराने चुकून जास्त सुट्टे दिल्यावर बघावं तसं.
"झालं?"
झालं.

तासाला चाळीस मिनिटं होती. आम्ही मका घेतला.
मीठ जास्त होतं.
आतल्या झाडाला पाटी नव्हती, पण आईने सालीवर हात फिरवला
आणि म्हणाली, जाबुतिकाबा.
मिनासला आमच्या दारात होतं.
याचं फळ खोडालाच लागतं,
फांदीपर्यंतसुद्धा जात नाही.

मग तिने कणसाचं बुरकुंड कागदात गुंडाळलं,
पिशवीत ठेवलं
आणि विचारलं,
"आता संध्याकाळपर्यंत मी काय करू?"