एकशे अठरा मायक्रॉन

रंगावर मीटर टेकवला की तो बीप करतो.
बॉनेट एकशे अठरा, डावा दरवाजा एकशे वीस,
छत एकशे सोळा.
म्हणजे कंपनीचाच रंग. ठोकलेली नाही, भरलेली नाही.
मागून जयदास घरत विचारतात, "चांगलं का वाईट?"
चांगलं, मी म्हणतो.
माझ्या धंद्यात चांगलं म्हणजे
कमी कापायचं.

उलव्यात, बिल्डिंगच्या खांबांमध्ये,
टँकरचा पाइप आणि कुणाच्या तरी तुळशीच्या कुंडीशेजारी
ती उभी. पिवळी. दोनच माणसांची.
चंदेरी कव्हर आम्ही दोघांनी मिळून काढलं,
घडी मात्र त्यांनीच घातली, चारी कोपरे जुळवून,
भारी लुगड्याची घालावी तशी.

पाच वर्षांत चार हजार तीनशे सहा किलोमीटर.
मनात भागतो : दिवसाला सव्वादोन.
एवढे तर घरत पायीच चालत असतील,
देवळापर्यंत आणि परत.
"चालवायची कुठं?" ते म्हणतात,
"रविवारी पहाटे पामबीचला, नेरूळ ते वाशी. मग कॅमेरे लागले.
आत गावठाणात घेतली एकदा,
गतिरोधकावर पोट घासलं तिचं,
पोरं टाळ्या वाजवत होती."

शोरूमच्या उतारावरून तिची चाकं रस्त्याला लागली
तेव्हा पेढा अजून यांच्या तोंडात होता
आणि दहा लाख गेले होते.
कुणी चोरले नाहीत. कुठे सांडले नाहीत.
दुसऱ्या वर्षी नवीन मॉडेल आलं, दिव्यांची ठेवण बदलली,
तिला कळलंही नाही आपण जुन्या झालो ते.
आवडत्या नंबराचे दीड लाख वेगळे,
त्यांना माझ्या फॉर्मवर रकानाच नाही.
मागच्या काचेवर एकवीरा आईचा स्टिकर :
काढला तर खूण राहील,
न काढला तर गिऱ्हाईक कुरकुरेल.
पाच हजार वजा, असं लिहायला हवं.
पेन तिथे थोडं थांबतं.

"एक विचारू?" घरत म्हणतात.
"आमची जमीन गेली ती पाच एकर.
आज तिथं फुटाचा भाव काय, ते तुमच्या ॲपमध्ये दिसतं?"
नाही, मी म्हणतो. हे फक्त वाहनांचं ॲप आहे.
"तेच," ते म्हणतात.
"जे दिलं ते चढतं, जे घेतलं ते उतरतं.
आणि माझ्या मधल्या बांधावरून म्हणे धावपट्टी गेलीय.
या गाडीचा काटा शेवटपर्यंत जाईल
एवढा सरळ रस्ता
सगळ्या तालुक्यात तो एकच."
हसले. मीही हसलो. हसण्याचं घसारा धरत नाहीत
म्हणून बरं.

प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांचे वडील, बाळाराम,
डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी.
"गारी कवऱ्याला जाईल?"
एक्केचाळीस लाख, मी जरा मोठ्याने सांगतो,
घेतली होती चौऱ्याऐंशीला.
म्हातारा बराच वेळ काही बोलत नाही.
वरून एक विमान उतरतं, चाकं बाहेर काढलेलं.
जयदास मान वर करतात. म्हातारा नाही.
"आमी भात ठेवायचो," मग तो म्हणतो,
"वरीसभर कनगीत.
जुना तांदूळ म्हनून दोन पैसं जास्तीच यायचं."

सही घेतली. मीटर खिशात टाकला.
स्टिकरचा रकाना तसाच कोरा ठेवलाय,
साहेब विचारतील, तेव्हा बघू.
गेटपाशी माझ्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवून
म्हातारा उभा. मला काही कळायच्या आत,
"आन् हिचं?"
हिचं काही नाही येत बाबा, चौदा वर्षं झाली.
त्याने सीट थोपटली, बैलाची पाठ थोपटावी तशी.
"मंग आता कमी तरी नाय होनार."