चौथा रकाना

गट क्रमांक अकरा. विषय: गिरणीचा नंबर.
दिग्रस रोडवरच्या आमच्या कॉलेजात
एप्रिलच्या दुपारी कूलर नुसता ओरडतो.
बाहेरून आलेले परीक्षक, ढोमणे सर,
तर्री-पोह्यांची प्लेट टेबलाखाली सारतात,
घड्याळ बघतात. साडेतीनची अमरावती.
"सगळ्यांना सारखेच टाका ना, मॅडम."

टाकता येतात सारखे. दरवर्षी टाकते.
अहवाल, सादरीकरण, तोंडी परीक्षा,
तीन रकाने भरून झाले.
चौथ्यावर छापलंय: वैयक्तिक सहभाग.
पंचवीस गुण
आणि बोटभर जागा.

चौघं भिंतीला टेकून उभी.
हर्षल किनाके, तेजस्विनी ढोक, मुजम्मिल,
आणि कडेला, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत,
पौर्णिमा गेडाम.
मी कोडच्या नोंदी उघडते. दोनशे बारा बदल.
दोनशे बाराही हर्षलच्या नावावर.
रात्री दोन दहा. रात्री तीन पाच.
आंधळं दळतं, ती म्हण जिभेपर्यंत येते माझ्या.
"बाकीच्या तिघांनी काय केलं?"

"लॅपटॉप एकच हाये, मॅडम," मुजम्मिल म्हणतो,
"याचा हाये, म्हणून नाव याचं.
लाइन रातच्यालाच राहते आमच्याकडं.
मंग याच्या स्लॅबवर बसो आम्ही दोघं,
रेंज तिथंच भेटते.
तेजू फोनवर लिहून पाठवे, हा चिटकवे."

कोणती ओळ कोणाची?
ते एकमेकांकडे बघतात,
प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्यासारखे.

मी पौर्णिमेकडे वळते, कारण ती गप्प आहे
आणि गप्प मुलांना बारा-तेरा देऊन
मोकळं व्हायची मला सवय आहे.
"तुमच्या ॲपमध्ये आधी आलेल्याचा नंबर मागं जातो.
चूक आहे ना ही?"

"चूक नाही, मॅडम.
गव्हावर गहू पडते. ज्वारी त्याच्यामागून.
हळद-तिखट शनिवारी, सगळ्यात शेवटी,
नाही तं दुसऱ्याची पोळी तिखट होते.
आधी कोण आलं ते गिरणीले मालूम नसते.
काय आणलं, ते मालूम असते.
ह्यांनी पयले साधी रांग केली होती.
मीच मोडायला लावली."

"तुला कसं माहीत?"

"बाबाची गिरणी हाये."
आणि मग, फरशीकडे बघत,
"सहावीपासून डबे उतरवते मी."

ओट्यावर बसून तिनं डब्यांवर खडूनं आकडे घातले असतील,
वेळ मोजली असेल, पट्टा तुटल्याचीसुद्धा.
त्याची नोंद कुठल्याच सर्व्हरवर नाही.
हातानं पुसला की खडू जातो.

ढोमणे सर पेनाला टोपण लावतात. पुन्हा काढतात.
"आणि मधेच लाइन गेली तर?"

चौघं एकदम बोलायला लागतात.
एकाचं वाक्य दुसरी उचलते, तिसरा खोडतो,
हर्षल हवेत चौकट काढतो,
पौर्णिमा त्याचा हात खाली करून
दुसरीच काढते. भांडतात आमच्यासमोर.
आम्ही दोघं आहोत हे विसरून.

आमच्याकडे दळण आलं की आई
वरचं ओंजळभर पीठ बाजूला काढायची.
आधीच्याचं मिसळलेलं असतं, म्हणायची.
कोणाचं, ते तिनं कधी विचारलं नाही.
चिमण्यांना, नाही तर खळ करायला.
मला मात्र इथं त्या ओंजळीचेच
चार वाटे करायचेत, अर्ध्या गुणासह,
सही करून.

तेवढ्यात खरंच लाइन गेली.
कूलर थांबला.
तो इतका वेळ केवढ्यानं ओरडत होता, ते तेव्हा कळलं.

ढोमणे सरांनी खिडकी उघडली. ऊन टेबलावर,
बरोबर चौथ्या रकान्यावर.
"सध्या पेन्सिलनं लिहा," ते म्हणाले,
"मला पाचची गाडी आहे."

दारात गट क्रमांक बारा उभा होता.
पाच जण. एक लॅपटॉप, छातीशी धरलेला,
आणि त्याच्या चार्जरची वायर
भलत्याच कोणाच्या खांद्यावर.