बारावा फोटो

साडेपाचला निघाले. रोल बारा फोटोंचा,
तेरावा मागायचा नाही; बाबांचा कॅमेरा असाच,
मोजूनमापून देणारा.
वालपाराइसोत रस्ते कमी, जिने फार,
आणि प्रत्येक जिना आधी वय विचारतो.

दिवसभर मी दुकानात
पांढऱ्या पडद्यासमोर माणसं बसवते,
हसू नका म्हणते, कान दिसू द्या म्हणते,
पासपोर्टसाठी, परवान्यासाठी,
कधी थडग्यावरच्या चिनीमातीच्या तबकडीसाठी.
पहाट तेवढी माझी.
पहाटेला कान नसतात.

पहिला फोटो टेकडीवरून तिरका उतरणाऱ्या लाकडी डब्याचा:
आत पिवळा दिवा, माणूस नाही,
काचेवर कुणाच्यातरी कपाळाचा कालचा तेलकट ठसा.
दुसरा सुलेमाच्या भट्टीचा. ती म्हणाली,
माझा नको, पावाचा काढ, पाव आज बरा फुगलाय.
तिसरा, चौथा वाया.
झेब्रा क्रॉसिंगवर कुत्रं झोपलेलं, ट्रॉलीबस थांबलेली,
ड्रायव्हर खाली उतरून
तारेवरून निसटलेला दांडा पुन्हा अडकवत होता.
ठिणगी पडली तेव्हा माझं बोट जागेवर नव्हतं.

मग धुकं आलं,
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखं, पायरी न वाजवता.
क्रेनच्या माना गेल्या, जहाजांचे दिवे गेले,
जहाजांच्या उरल्यासुरल्या रंगाने रंगवलेली पत्र्याची घरं
वरच्या आळीपासून पुसत आली;
समुद्रसिंहांचं खोकणं तेवढं राहिलं,
आणि ते काही फिल्मवर येत नाही.

मच्छीधक्क्यावर ओनोफ्रे होता.
होडी वर ओढून घेतलेली, ठोकळ्यांवर, पोट उघडं.
म्हणाला, बरी आलीस. हिचा एक काढ. विकायचीय.
घेणारा सान आंतोनियोचा आहे,
आधी फोटो बघतो, मग होडी.

तेवढ्यात धुकं फाटलं
आणि पलीकडच्या डोंगरामागून ऊन आलं,
कोवळं, आडवं,
होडीच्या प्रत्येक खिळ्याला एकेक सावली वाटत.
मी म्हटलं, आत्ता!
तो म्हणाला, थांब,
अशी कशी, अंघोळ न करता?

बादली आणली. ब्रश आणला.
खवले काढले, शेवाळ खरवडलं,
नावाचं एकेक अक्षर घासलं:
ला पोर्फियादा, म्हणजे हट्टी बाई,
बायकोवर नव्हे, मोटरीवर चिडून ठेवलेलं.
मी उन्हाकडे बघत होते, तो होडीकडे.
ऊन चढलं. खिळ्यांच्या सावल्या खिळ्यांत परतल्या.
पेलिकन आले, गिऱ्हाइकं आली, भावावरून भांडणं आली.
साडेआठला तो म्हणाला, आता.

आता काहीच नव्हतं.
पांढरं, सपाट, सरकारी ऊन,
माझ्या दुकानातल्या पडद्यासारखं.
रोलमधला शेवटचा उरला होता, बारावा.
त्यात होडी घेतली, नाळेपासून सुकाणूपर्यंत,
न हसता, कान दिसतील अशी.
ओनोफ्रे बाजूला झाला, पण हात विसरला.

निगेटिव्ह धुतल्यावर दिसला: डाव्या कडेला,
मनगटापर्यंत, ओला,
नाळेवर ठेवलेला.
त्याने भिंग लावून पाहिलं. म्हणाला, हात काप.
गिऱ्हाइकाला वाटेल, कुणीतरी धरून ठेवलीय.

कापला. एन्लार्जरखाली, काळा पुठ्ठा केसभर केसभर सरकवत.
चार कागद फुकट गेले.
हातासोबत नाळेचाही थोडा भाग गेला,
घेणाऱ्याच्या लक्षात आलं नाही.

होडी जूनमध्ये गेली.
परवा ओनोफ्रे दुकानात आला,
स्टुलावर बसला, टोपी काढली,
मी सांगायच्या आधीच केस मागे सारून कान मोकळे केले.
कशासाठी हवाय, ते मी विचारलं नाही.
मी दिवे लावत होते, तेव्हा म्हणाला,
हात कुठे ठेवू?

हात येत नाहीत यात, मी म्हटलं.