स्टिल

फर्कर गिलिस तांब्याच्या पोटावर पेरानं टकटक करतो
आणि कान लावतो.
पत्रा झिजलाय तिथं आवाज पोकळ येतो.
म्हणतो, म्हातारा झालाय हा स्टिल,
बावीस वर्षं वाफ प्यायलाय.

मी खाली शिडी धरून. नोकरीचा चौथा आठवडा.
"स्टिल!" तो वरून ओरडतो
आणि मला कळत नाही
भांड्याचं नाव घेतोय की मला हलू नको म्हणतोय.
मी हलत नाही. दोन्हींचा मान राहतो.

बेटावर हा शब्द मिठासारखा, कशातही.
सकाळी शोनाग दार किलकिलं करून विचारते, स्टिल रेनिंग?
उत्तर कुणी देत नाही, कोट तेवढे चढवतात.
खाडीचं पाणी वर्षातून चारदा स्टिल होतं;
सील डोकं काढतो, भोवती एकच वळं उमटतं
आणि फुटायचं विसरतं.
कचेरीच्या भिंतीवर कुठल्याशा सिनेमातला स्टिल आहे.
नट कोण ते आता कुणाला आठवत नाही,
मागं मेंढी बगलेत मारून उभा फर्करचा बाप मात्र ओळखू येतो.

आजा डोंगरात चोरून गाळायचा.
त्याच्या तोंडी इंग्रजी नव्हती. गेलिकमध्ये तो नुसतं
काळं भांडं म्हणायचा.
अबकारीवाला आला, भांडं घेऊन गेला,
हा शब्द ठेवून गेला, दंडाच्या पावतीवर.

एकदा जेवणाच्या सुट्टीत
सँडविचच्या कागदाची घडी घालता घालता
त्यानं पहिल्या मुलीचं सांगितलं.
स्टिल, आणि पुढं बॉर्न.
जोडून लिहायचा असतो म्हणे तो शब्द.
नोंदणीच्या बाईनं मध्ये जागा सोडली होती,
एका बोटाची.
त्यानं बोट दाखवलं.

मला काही सुचेना.
त्यानं घड्याळ बघितलं, हातोडी उचलली.
"स्टिल," म्हणाला. एवढंच.
पुढं स्वल्पविराम होता, वाक्य नव्हतं.
इथली माणसं असंच करतात.
छप्पर उडालं, मुलगा कॅनडातून बोलत नाही, गुडघे गेले,
स्टिल,
आणि चहा ओततात.

दुपारी नवा पत्रा बसवला.
जोड लाल होता, मग काळा पडला.
त्यानं टकटक केलं. भरीव.
मला ऐकायचं होतं म्हणून मी एक हात सोडून
कान तांब्याला लावला.
शिडी हलली.

"स्टिल!"