एका उंबऱ्यापुरतं

नंदेसरी, रात्रीचे साडेनऊ.
सर्व्हरच्या खोलीत एसीचा वारा
आणि भिंतीतून झिरपणारा आंबूस वास,
आठ दिवस इथे काम केलं की नाक त्याची नोंद घेत नाही.

तक्रार एका ओळीची:
धोक्याची घोषणा जुन्या शेडमध्ये ऐकू येते,
नव्या शेडमध्ये नाही.
मधे एकच स्विच. दोन सबनेट, वीस आणि तीस.

पिंग जातो. येतो. पुन्हा जातो.
म्हणजे रस्ता आहे, दार आहे,
एकाने एकाला मारलेली हाक पोचते.
पोचत नाही ती सगळ्यांना मिळून मारलेली.

तिचा पत्ता दोनशे एकोणचाळीसने सुरू होतो
आणि त्या पत्त्यावर कुणी राहत नाही.
ज्याला ऐकायचंय त्याने हात वर करायचा, झालं.
स्विच हात मोजतो,
तेवढ्याच पोर्टांत आवाज ओततो,
बाकीच्यांची झोप मोडत नाही.

पण हात किती वेळ वर राहणार?
जुन्या शेडमध्येही आवाज
चार मिनिटं वीस सेकंदांनी गप्प व्हायचा,
हे मागच्या सोमवारी कळलं.
कंत्राटदार म्हणाला, स्पीकर तापतो.
तापत नव्हता.
"अजून ऐकताय ना?" असं कुणी विचारतच नव्हतं,
आणि न विचारलेल्यांची नावं
दोनशे साठाव्या सेकंदाला यादीतून गळायची.
मी एक विचारणारा नेमला.
दर सव्वाशे सेकंदांनी विचारतो, न कंटाळता.
दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्यात
इतक्या नेमाने कुणी कुणाला विचारत नाही.

तीस मात्र मुकंच.
दोन्ही बाजूंना पिम चालू केलं,
तक्त्यात ओळ उगवली,
येणारी बाजू बरोबर, जाणारी बाजू बरोबर.
फोनवर कंचनभाई राठवा, नव्या शेडमध्ये, शिडीवर:
"ना बेन. कशुंय नथी."
पुन्हा. "कशुंय नथी."
त्याच्या मागे पंपांची घरघर
आणि रात्रपाळीची चौदा माणसं.
चाचणी आहे, असं त्यांना सांगून ठेवलंय.
खरंच पळायची वेळ आली
तर एकमेकांच्या तोंडाकडे बघून पळतील.

साडेअकराला पॅकेट पकडून उघडलं.
जी ओळ मी रोज बघते आणि वाचत नाही
तिच्यात, टीटीएल: १.
आयुष्य, एक.
प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो.
उंबऱ्यावर पाऊल ठेवलं की शून्य.
बनवणाऱ्याने यंत्राला जन्मतःच तसं सांगितलेलं.
म्हणजे घोषणा दर वेळी निघत होती,
शुद्ध, पूर्ण, वेळेवर,
आणि दारात मरत होती.
दार बिचारं नियमाने वागत होतं,
मी दोन रात्री दारच तपासत होते.

एकाचे आठ केले. आठ पुष्कळ झाले,
आमच्या आवारात एवढे उंबरे नाहीत.

"बेन!"
एवढंच. पुढे कंचनभाई बोललाच नाही,
फोन त्याने स्पीकरकडे उंच धरला असावा.
माझ्याच खोलीतून निघालेला आवाज
अर्ध्या क्षणाने जुना होऊन माझ्या कानात आला:
ध्यान आपो. दोडशो नहीं. चालीने बहार आवो.

गुजराती अगदी स्वच्छ. पण "चालीने"तला तो च
दातांवर टेकलेला. आपल्याकडचा.
फाइलचं नाव नुसतं घोषणा-तीन,
तारीख अकरा वर्षांपूर्वीची,
आणि कपाटातल्या जुन्या वहीत एक सही:
म. शितोळे, टेलिफोन ऑपरेटर.

"कोण छे आ बेन?" कंचनभाईने विचारलं.
"खबर नथी," मी म्हटलं
आणि थांबवायचं बटण दाबलं नाही.
दोनशे साठ सेकंद व्हायचे होते अजून.
ती सांगत राहिली, दोडशो नहीं,
मी घड्याळ बघत राहिले.
चार मिनिटं वीस.
चार मिनिटं एकवीस.
बावीस.